एकच वाक्य, पाच निबा

लिंबाजी एंगडे यांच्या मते ‘फाइन’ हा जगातला सर्वांत अप्रामाणिक शब्द होता. तो प्रत्येक देशातल्या निबेवर कोरलेला असे आणि प्रत्येक देशात त्याचा अर्थ वेगळा निघे. जपानी फाइन केसासारखी. अमेरिकी फाइन तिच्याहून चांगलीच जाड, आणि तरीही स्वतःला तितक्याच आत्मविश्वासाने फाइन म्हणवणारी. राजमहेंद्रीच्या कारागिराने हाताने घासलेली फाइन त्या दिवशी त्याचा हात कसा चालला यावर ठरलेली. “ज्याची नजर जितकी बारीक, तितक्यालाच तो बारीक म्हणतो,” असे ते नांदेडच्या महाविद्यालयात इतिहासाच्या तासाला सांगत आणि मग निजामाच्या महसूल व्यवस्थेकडे वळत. मुलांना वाटे, सर विषय सोडून बोलतात. सरांनी विषय कधीच सोडलेला नसे.

मानपत्र लिहून घ्यावे तर एंगडे सरांकडून, अशी त्यांच्या अक्षराची कीर्ती लोह्यापासून औशापर्यंत पसरली होती. ज्या घरांच्या उंबऱ्याच्या आत सरांच्या वडिलांना कधी पाऊल टाकता आले नाही, त्या घरांच्या दिवाणखान्यांत सरांचे अक्षर चौकटीत, काचेमागे टांगलेले होते. या प्रगतीबद्दल सरांचे काही एक मत होते आणि ते त्यांनी कोणाला विचारू दिले नव्हते. मानपत्राला बारीकच निब लागते, कारण जाड निबेला विशेषणांपुरता कागद पुरत नाही, एवढेच ते सांगत.

त्यांची एक रीत होती. मानपत्राला हात घालण्याआधी ते नमुन्याचा एक कागद करीत. पाच पेनांत एकाच दौतीतली शाई भरायची आणि प्रत्येक निबेने एकच वाक्य लिहायचे. शाई एक, कागद एक, वाक्य एक; मग जो फरक उरेल तो निबेचाच. ते वाक्य सत्कारमूर्तीच्या चरित्रातले असावे, हाही नेम. यजमानाने भिंग घेऊन पाचही ओळी पाहायच्या, दोष दाखवायचे आणि एक निब निवडायची. पुढचे सगळे मानपत्र त्या निबेने.

ब्याऐंशी साली, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, लातूरच्या सत्कार समितीचे चिटणीस संगप्पा जाड कागदाची गुंडाळी घेऊन नांदेडला आले. पंधरा तारखेला लातूर हा नवा जिल्हा होणार होता. पावसाने ओढ दिलेली, गोदावरीचे पात्र दगड दाखवत पडलेले, आणि लातुरात कमानी उभ्या राहत होत्या. नव्या जिल्ह्याच्या निमित्ताने ज्या वडीलधाऱ्यांचा गौरव व्हायचा होता, त्यांत पहिले नाव महादेवप्पांचे होते.

संगप्पा तहसिलात अव्वल कारकून होते. पस्तिशीचे, नेटके, शर्टाच्या खिशात तांबडी पेन्सिल. समोर आलेला कोणताही मजकूर दुरुस्त केल्याशिवाय त्यांच्या हाताला चैन पडत नसे. स्वतःच्या मेव्हण्याच्या लग्नपत्रिकेवरही त्यांनी तांबड्या खुणा करून ती परत पाठवली होती, असे लोक हसून सांगत.

“सर, मजकूर तयार आहे,” बैठकीत बसत ते म्हणाले. “तुम्हाला फक्त अक्षर द्यायचंय.”

“फक्त,” सर म्हणाले आणि मजकूर वाचू लागले. तिसऱ्या ओळीवर त्यांची नजर थांबली. ‘बहात्तरच्या भीषण दुष्काळात आपण थेंबन् थेंब पाणी प्राणपणाने जपलेत.’

आतल्या खोलीच्या दारात, बाजेवर, सरांची थोरली बहीण पंचफुला बसली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती औशाजवळच्या आपल्या गावाहून भावाकडे आलेली; एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याला मुळातच फारसे दिसत नव्हते. बैठकीतला आवाज ऐकून तिने पदर सारखा केला आणि ती हलेनाशी झाली. आवाज तिने ओळखला होता. लिंबाजींनी तो ओळखण्याची गरज नव्हती. संगप्पा कोण आहेत, हे समितीचा निरोप आला त्याच दिवशी त्यांना ठाऊक झाले होते.

बहात्तर साली पंचफुलाच्या गावाजवळ पाझर तलावाचे काम निघाले होते. सगळे गाव दगड-माती उपसायला तिथे. महादेवप्पा गावचे पुढारी, कामावरचा शब्द त्यांचा. पाण्याची दोन पिंपे रोज बैलगाडीतून यायची. एक वरच्या आळ्यांसाठी, एक खालच्या, बौद्धवाड्यासाठी. सरकारी कागदावर पाणी एकच होते. गाडीवर ते दोन होई. एका दुपारी सगळी माणसे बंधाऱ्याच्या पल्याडच्या टोकाला असताना पंचफुलाला घेरी आली. बाभळीखाली गाडी उभी होती. तिने जवळच्या पिंपात हात घातला आणि ओंजळभर पाणी प्यायली. ते पिंप वरच्यांचे होते. महादेवप्पांनी पाहिले. ते ओरडले नाहीत, कारण ते सभ्य गृहस्थ होते. शेजारी उभ्या असलेल्या हजेरी कारकुनाला त्यांनी पिंप ओतून द्यायला सांगितले. पंचफुलाला त्यांनी घरी पाठवले. वळून पाहिले तेव्हा तिला मातीत शिरणारे पाणी दिसले, एवढेच.

संध्याकाळी माणसे परतली तेव्हा दोन्ही पिंपे रिकामी होती. त्यांना सांगण्यात आले की पंचफुला गाडीवर चढली आणि तिच्या धक्क्याने पिंपे कलंडली. दुसऱ्या दिवशी गाडी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी पंचफुलाच्या शेजारणीची, केवळाबाईची, म्हातारी सासू उन्हाने गेली. केवळाबाई तेव्हापासून पंचफुलाशी बोलत नव्हती आणि तिच्या मागे वाडाही बोलत नव्हता. लग्नाकार्यात पंचफुलाच्या हाती कोणी पाण्याची घागर देत नसे. ‘पाणी सांडणारी’ हे तिचे नाव पडले होते, आणि ते तिच्याच माणसांनी ठेवले होते. महादेवप्पांना याहून अधिक काही करावे लागले नव्हते.

पंचफुलाने खरे सांगितले नव्हते असे नाही. तिने ते प्रत्येक दारात सांगितले. पण केवळाबाईचा एक प्रश्न तिला सुटत नव्हता. “एका पिंपाला हात लावलास म्हणतीस, एक वतलं म्हणतीस. मग दुसरं कुठं गेलं?” त्या प्रश्नापुढे तिचे सगळे खरे खोटे पडत होते. लिंबाजींनाही तो सुटला नव्हता. इतिहासकाराला बहीण असणे सोयीचे नसते; तिची साक्षही साक्षच असते, आणि ही साक्ष एका पिंपापाशी संपत होती. दुसरा साक्षीदार एकच होता. तो हजेरी कारकून आज त्यांच्या बैठकीत चहा पीत होता.

सरांनी पाच पेने काढली, शाई भरली, आणि संगप्पांकडे पाठ करून नमुना लिहायला घेतला. लिहायला त्यांना बराच वेळ लागला. पाच ओळी पूर्ण झाल्यावर त्यांनी कागद संगप्पांपुढे सरकवला, भिंग दिले, आणि रीतीप्रमाणे म्हणाले, “पाहा. दोष दाखवा.”

पाचही ओळींत एकच वाक्य होते.

‘सन बहात्तरच्या दुष्काळात आदरणीय महादेवप्पांनी पंचफुलाबाईंच्या हाताचा स्पर्श झालेले पाण्याचे एक पिंप जमिनीवर ओतवले.’

संगप्पांनी भिंग पहिल्या ओळीवर धरले. अक्षर तपासणाऱ्या माणसाला मजकूर उशिरा दिसतो.

“जपानी पायलट ना ही? सुंदर. ‘दुष्काळात’ मधला ‘ष्का’ बघा, गाठ मोकळी राहिलीय. नाहीतर तिथं शाई बसते.” भिंग पुढे सरकले. ‘महादेवप्पांनी’ वरून ‘पंचफुलाबाईंच्या’ वर आले आणि तिथे राहिले. बाहेर कोणीतरी रिकामी बादली फरशीवर ठेवली.

“पुढची,” सर म्हणाले.

संगप्पांनी रुमालाने ओठ पुसले. उठून जाता आले असते. पण ते यजमान होते, समोरचा माणूस वयाने आणि विद्येने मोठा होता, आणि पाहणी अर्धवट सोडण्याची त्यांना सवय नव्हती.

“ही पार्कर,” ते म्हणाले. “ठसठशीत. लांबून वाचता येईल.”

“लांबून वाचता यावं, असं वाटतं तुम्हाला?”

“चौकट उंच टांगणार आहेत, सर.”

“तिसरी चिनी आहे.”

“चिनी बारीक आहे. कमी बोलल्यासारखी.”

“कमी बोलूनही वाक्य तेच आहे ना?”

“हो,” संगप्पा म्हणाले. “वाक्य तेच आहे.”

“चौथी राजमहेंद्रीची. एबोनाइटची दांडी, निब हातानं घासलेली.”

“दिसतंय. माणसाचा हात लागलेला कळतो.”

“कोणाचा?”

संगप्पांनी भिंग पाचव्या ओळीवर नेले. ही निब सरांच्या जुन्या गुरुजींची. गुरुजींचे सगळे आयुष्य निजामी अमलात उर्दू लिहिण्यात गेलेले. उजवीकडून डावीकडे चालून चालून निबेचे टोक त्या अंगाने झिजले होते. मराठी लिहिताना ती कागदाला अडायची, अक्षर मध्येच तुटायचे. नमुन्यात ती नेहमी शेवटी असे आणि कोणीही तिला निवडत नसे. या ओळीतही ‘पिंप’ फाटल्यासारखे उमटले होते आणि त्याआधीच्या ‘एक’ या शब्दाशी शाईचा थेंब साचला होता. संगप्पा त्या शब्दाकडे पाहत राहिले. मग त्यांचा हात खिशाकडे गेला. तांबडी पेन्सिल बाहेर आली.

“हे चुकलंय,” ते म्हणाले.

सरांनी दहा वर्षे या नकाराची वाट पाहिली होती. त्यावर कोणता प्रश्न आधी टाकायचा, हेही त्यांचे ठरलेले होते. “काय चुकलंय?” त्यांनी शांतपणे विचारले.

संगप्पांनी ‘एक पिंप’ वर आडवी रेघ मारली आणि वर लहान, नेटक्या अक्षरात लिहिले: ‘दोन्ही पिंपे’. मग ‘झालेले पाण्याचे’ चे ‘झाल्यावर पाण्याची’ आणि शेवटी क्रियापदाकडे जाऊन ‘ओतवले’ चे ‘ओतवली’ केले. मग वरच्या ओळीत तीच दुरुस्ती, मग तिच्या वरच्या. पाचही ओळी दुरुस्त होईपर्यंत ते थांबले नाहीत. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, आणि आपण काय केले ते त्यांना तेव्हा दिसले असावे, कारण त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले.

“दोन्ही पिंपं?” सरांच्या तोंडून निघाले. हे त्यांच्या कोणत्याही टिपणात नव्हते.

दारातून पंचफुलाचा आवाज आला. “आमचं बी वतलं?”

संगप्पांनी दचकून तिकडे पाहिले. पट्टी बांधलेली ती बाई भिंतीला हात लावत पुढे येत होती.

“मी त्याला शिवले बी नव्हते,” ती म्हणाली. “त्ये का वतलंस रे?”

“मी विचारलं होतं, बाई. हे तर खालच्यांचंच आहे, राहू द्या, म्हटलं. तर म्हणाले,” ते अडखळले, “म्हणाले, ‘संध्याकाळी त्यांना प्यायला असंल अन् आपल्यांना नसंल, बरं दिसायचं न्हाई.’”

सरांनी आयुष्यभर फर्माने, सनदा आणि खलिते वाचले होते. इतक्या कमी शब्दांत एवढी संपूर्ण राज्यव्यवस्था त्यांनी कुठे वाचली नव्हती. मनात, संतापाच्या खालीच, एक लहानसा, लाजिरवाणा आनंदही उठला: साक्ष जुळली होती. त्यांनी गुरुजींचे पेन उचलून संगप्पांपुढे धरले.

“दुरुस्ती तुमची आहे. खाली सही करा. तारीख घाला.”

“लिंबा,” पंचफुला म्हणाली, “कागदाचं काय करू मी?”

“अक्का, हा पुरावा आहे.”

“केवळाला वाचाया येतंय का? मला येतंय?” ती आवाजाच्या दिशेने संगप्पांकडे वळली. “बाबा, सही नगं मला तुजी. गावात ये. हितं जे बोललास, त्ये वाड्यात, बायांपुढं बोल.”

“बाई, मी सरकारी माणूस. पंधरा तारखेनंतर नव्या जिल्ह्यात माझी…”

“तुजी नोकरी तुज्यापाशी ऱ्हाऊ दे. माजं नाव माज्याकडं दे.”

संगप्पा उठले. कोरा जाड कागद त्यांनी पुन्हा गुंडाळला. मानपत्राचे काय, हे त्यांनी विचारले नाही; लातुरात छापखाने होते. नमुन्याचा कागद तिथेच राहिला. दारात चप्पल घालताना ते सरांना म्हणाले, “निबेबद्दल विचाराल, तर पायलट.” आणि गेले.

“आला तर माणूस, न्हाई तर कारकून,” पंचफुला म्हणाली आणि पुन्हा बाजेवर जाऊन बसली.

पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. महादेवप्पांना मानपत्र देण्यात आले. छापील होते, सोनेरी किनारीचे. समितीच्या वतीने ते चिटणिसांनी वाचले. थेंबन् थेंब पाण्याचे वाक्य आले तेव्हा टाळ्या पडल्या, असे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आले. सरांनी ती बातमी बहिणीला वाचून दाखवली नाही. पट्टी निघाली होती, काळा चष्मा लागला होता. त्याच सकाळी ते तिला गावी पोचवायला निघाले. अहमदपूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी वीतभरच्या वर गेलेली नव्हती.

वाड्यात, विहारासमोर, बाया टँकरसाठी घागरी मांडून बसल्या होत्या. पंचफुलाला पाहून बोलणे थोडे खाली आले, नेहमीप्रमाणे. आणि त्या रांगेच्या कडेला, निंबाखाली, संगप्पा उभे होते. एकटे. आदल्या दिवशीचाच शर्ट असावा, घडी मोडलेला. आधी खोटे वाचून दाखवायचे आणि मग खरे सांगायला यायचे, हा क्रम सरांना इतिहासाला धरून वाटला. तरीही माणूस आला होता.

“मला एक सांगायचंय,” संगप्पा म्हणाले. आवाज कचेरीतला होता. तोच त्यांच्यापाशी होता. “बहात्तर साली तलावाच्या कामावर पाणी सांडलं ते या बाईंनी नाही सांडलं. दोन्ही पिंपं मी ओतली. माझ्या हातानं.”

घागरीवर घागर आपटली. कोणीतरी “काय म्हनला?” म्हणाले.

“कोणाच्या सांगण्यावरून?” सरांनी विचारले. एवढे वाक्य तरी पूर्ण व्हायला हवे होते.

संगप्पांनी सरांकडे पाहिले. मग वरच्या आळीच्या दिशेने पाहिले, तिथे महादेवप्पांच्या माडीवर कालच्या पताका अजून होत्या. “मी ओतली,” ते पुन्हा म्हणाले. त्या वाक्याला त्यांनी कर्ता तेवढा दिला, करविता नाही.

सर पुढे सरसावले, पण बहिणीचा हात त्यांच्या दंडावर आला. बायांपैकी कोणीही तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक होते, आणि ठाऊक असलेले उत्तर या गावात कधीच कोणी मागत नसे. सरांना ते असह्य झाले. इतक्या लांब आणलेले सत्य अर्ध्यावर कापून वाटले जात होते, आणि माणसे तेवढ्यावर भागवत होती.

रांगेच्या मधून केवळाबाई उठली. वाळलेली, उंच, डोक्यावरचा पदर दातांत धरलेली. ती आधी संगप्पांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांच्या तोंडाकडे तिने निरखून पाहिले, जणू कधीतरी पुन्हा ओळखता यावे म्हणून. मग ती पंचफुलाकडे वळली.

“पंचे, मग तू गप का बसलीस?”

“गप? घसा बसला माजा सांगून सांगून. ऐकाया कोन हुतं?”

“दुसरं कुठं गेलं, इचारलं तर तुला सांगाया येत नव्हतं.”

“मला ठावंच न्हाई त्ये कसं सांगू?”

केवळाबाईने दातांतला पदर सोडला. “चस्मा कवा लागला?”

“काल.”

“दिसतंय का?”

“धुरकट. तू दिसायलीस.”

संगप्पा निघाले होते. सर त्यांच्या पाठमोऱ्या शर्टाकडे पाहत उभे राहिले आणि या माणसाचे ऋण मानावे की नाही, हे त्यांना ठरवता येईना. इकडे केवळाबाईने पंचफुलाचा हात धरून तिला रांगेतल्या आपल्या घागरीशेजारी आणले आणि दगडावर बसवले. स्वतः खाली, मातीत बसली. टँकरचा आवाज अजून कुठे नव्हता.

“म्हातारीनं तुला शिव्या दिल्या न्हाईत,” तिने म्हटले. “शेवटपर्यंत न्हाईत. म्हनायची, पंची तसली न्हाई. शिव्या म्या दिल्या.”

पंचफुलाने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला. “ठावं हाय,” ती म्हणाली. “मला ऐकू यायच्या.”